डायनॅमिक ॲपर्चर २४ मिमी, १९ मिमी की ८ मिमी? नक्की कुठला आकडा धरायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही इंडस-२ (इंदूरची इलेक्ट्रॉन साठवण रिंग) च्या धर्तीवर २.५ जीईव्हीची, साधारण १७२ मीटर परिघाची इलेक्ट्रॉन रिंग पायएटीमध्ये (ॲक्सिलरेटरच्या सिम्युलेशनचा कोड) मॉडेल केलीत. १००० फेऱ्या ट्रॅक केल्यावर आडव्या दिशेत डायनॅमिक ॲपर्चर २४ मिमी आलं, १ लाख फेऱ्या केल्यावर १९, आणि चुंबकांच्या एरर्स टाकल्यावर एकदम ८ वर आलं. आता सर म्हणतायत की यातला खरा आकडा कुठला, आणि बीम स्टेबल आहे की नाही ते सांग.

गोंधळ झालाय त्यात तुमचा दोष नाही, डायनॅमिक ॲपर्चर हा शब्दच असा आहे की वाटतं पाइपच्या व्यासासारखी मशीनची ही एक ठरलेली मोजपट्टीची गोष्ट असेल. तसं नसतं. पार्टिकल मधल्या कक्षेपासून जास्तीत जास्त किती लांबून सोडला तर ‘अमुक इतका वेळ’ टिकतो एवढंच ते सांगतं, आणि तो अमुक वेळ, ती मशीनची अवस्था, आणि मोजायची जागा या तिन्ही गोष्टी तुम्ही ठरवायच्या असतात. तुमचे तिन्ही आकडे आपापल्या प्रश्नाला बरोबरच असतील, फक्त तिन्ही प्रश्न वेगळे होते. म्हणून मी आकड्याच्या आधी प्रश्न ठरवायला सांगेन.

पहिली गोष्ट फेऱ्यांची, कारण इथेच सगळे अडतात. किती फेऱ्या ट्रॅक करायच्या हे कोडच्या डिफॉल्टवरून ठरवू नका, तुमच्या मशीनच्या फिजिक्सवरून ठरवा. इलेक्ट्रॉन वळताना सिंक्रोट्रॉन रेडिएशन सोडतो आणि त्यामुळे त्याची डोलण्याची हालचाल हळूहळू शांत होते, हा डॅम्पिंग टाइम इथला खरा घड्याळाचा काटा. इंडस-२ चे आकडे घेऊन हिशोब करा: वक्रता त्रिज्या ५.५५ मीटर, एनर्जी २.५ जीईव्ही, म्हणजे दर फेरीला साधारण ६२३ केईव्ही जातात, एका फेरीला ०.५७५ मायक्रोसेकंद लागतात, त्यावरून डॅम्पिंग टाइम ४.६ मिलिसेकंदांच्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ ८००० फेऱ्या. तुमच्या १००० फेऱ्या म्हणजे त्याचा आठवा भाग, त्या कमी पडतात. उलट डॅम्पिंग बंद ठेवून १ लाख फेऱ्या ट्रॅक करणं म्हणजे इलेक्ट्रॉनला जी शिक्षा प्रत्यक्षात कधीच होणार नाही ती देणं. २.५ जीईव्हीला मी दोन-तीन डॅम्पिंग टाइम, म्हणजे २० हजारांच्या आसपास फेऱ्या, रेडिएशन चालू ठेवून करेन.

पण थांबा, इंडस-२ मध्ये इंजेक्शन २.५ जीईव्हीला होत नाही, बूस्टरमधून (आधीच्या छोट्या रिंगमधून) बीम ५५० एमईव्हीला येतो आणि मग रॅम्प करून, म्हणजे एनर्जी हळूहळू वाढवून, वर नेतात. डॅम्पिंग टाइम एनर्जीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातो, म्हणजे ५५० एमईव्हीला तो साधारण ९४ पट मोठा, ०.४३ सेकंद, म्हणजे साडेसात लाख फेऱ्या. आणि डायनॅमिक ॲपर्चरची खरी गरज तर इंजेक्शनलाच असते, कारण नवा बीम सेप्टमच्या (बीम रिंगमध्ये वळवणारं चुंबक) पातीच्या पलीकडून, मधल्या कक्षेपासून बराच लांब येतो. म्हणजे तीच रिंग, तीच लॅटिस (चुंबकांची मांडणी), पण इंजेक्शनच्या एनर्जीला तुमचा १ लाख फेऱ्यांचा आकडासुद्धा जास्त आशावादी ठरू शकतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये इंजेक्शन कुठल्या एनर्जीला धरलंय ते प्रश्नात लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे.

प्रोटॉन मशीनमध्ये तर हे फारच टोकाला जातं. एलएचसीत (सर्नचा मोठा प्रोटॉन कोलायडर) बीम सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतो, दहा तासांचा एक फिल (एकदा भरलेला बीम) धरला तर ४० कोटी फेऱ्या होतात, आणि डॅम्पिंगचा आधार जवळजवळ नाही. एवढं ट्रॅकिंग सरसकट कोणी करत नाही. डिझाइनच्या काळात १ लाख फेऱ्या करायचे, म्हणजे खऱ्या मशीनची जेमतेम ९ सेकंदं, आणि त्यावर इंजेक्शनला १२ सिग्माचं (सिग्मा म्हणजे बीमच्या जाडीचं माप) लक्ष्य ठेवलं होतं, जेव्हा कोलिमेटर (कडेचे पार्टिकल अडवणारे ठोकळे) ६ सिग्माला असतात. हा दुप्पटीचा फरक उगाच नाही ठेवलेला, उरलेल्या फेऱ्या, पॉवर सप्लायची रिपल (बारीक चढउतार), चुंबकांच्या मोजमापातली अनिश्चितता, हे सगळं ट्रॅकिंगमध्ये येत नाही त्याची ती तजवीज आहे. शिवाय फेऱ्या वाढवत नेल्या की डायनॅमिक ॲपर्चर साधारण लॉगॅरिदमच्या व्यस्त घातानं हळूहळू उतरतं, हे जोव्हानोत्झी, स्कांदाले आणि तोदेस्को यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं, त्यामुळे १ हजार, १० हजार, १ लाख असे टप्पे घेऊन आलेख काढला तर पुढचा अंदाज तरी बांधता येतो. तुम्ही दोनच बिंदू काढलेत, मधले दोन-तीन काढा, आकडा कुठे स्थिरावतोय की अजून घसरतोच आहे ते डोळ्यांना दिसेल.

आता कोडवर विश्वास ठेवायच्या आधीची एक गोष्ट, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मी स्वतः यात अडकलो होतो. एका विगलरसाठी (बीमला नागमोडी वळवणारी चुंबकांची रांग) मी फील्ड मॅप घेऊन साधा रुंगे-कुट्टा इंटिग्रेटर (मार्ग पायरीपायरीने काढायची पद्धत) लावला होता, चौथ्या ऑर्डरचा, दिसायला अगदी अचूक. डायनॅमिक ॲपर्चर झकास आलं, आधीपेक्षा मोठं, आणि दोन दिवस मी ते सगळ्यांना दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी एकच पार्टिकल ५० हजार फेऱ्या सोडून त्याचे बिंदू फेज स्पेसमध्ये (जागा आणि कोन यांच्या आलेखावर) प्लॉट केले. रेडिएशन बंद होतं, म्हणजे ती वक्ररेषा रांगोळीच्या रेघेसारखी जिथून निघाली तिथेच येऊन मिळायला हवी होती, पण ती मिळत नव्हती, दर काही हजार फेऱ्यांनी केसाएवढी आत सरकत होती, झूम केल्यावर एकात एक कडी दिसत होत्या. माझा इंटिग्रेटर गुपचूप नसलेलं डॅम्पिंग घालत होता आणि मरायला हवे ते पार्टिकल वाचवत होता. यालाच आपण म्हणतो की मॅप (एका फेरीत पार्टिकल कुठून कुठे जातो त्याचं गणित) सिम्प्लेक्टिक नाही, म्हणजे फेज स्पेसमधलं क्षेत्रफळ जपत नाही. पायएटीचे नेहमीचे चुंबकांचे पास मेथड ड्रिफ्ट-किक पद्धतीचे आणि सिम्प्लेक्टिक आहेत, पण तुम्ही स्वतःचं एखादं एलिमेंट किंवा टेलर मॅप घातला असेल तर तपासा: एका फेरीच्या मॅपचं जेकोबियन काढा, रेडिएशन बंद असताना त्याचा डिटर्मिनंट १ पासून हलायला नको (ही किमान अट, तेवढ्याने मॅप सिम्प्लेक्टिक आहेच असं ठरत नाही). हे तपासायला पाच मिनिटं लागतात.

याहून सोपी पण फार फसवणारी चूक म्हणजे y अगदी शून्य ठेवून ट्रॅक करणं. तुम्ही लिहिलंयत की ‘फक्त x स्कॅन केला’. आदर्श लॅटिसमध्ये y आणि त्याचा कोन दोन्ही शून्य असले तर सिमेट्रीमुळे पार्टिकल कायम मधल्या पातळीतच राहतो, उभी हालचाल कधी सुरूच होत नाही, त्यामुळे कपलिंगचे (आडवी आणि उभी हालचाल जोडणारे) सगळे रेझोनन्स तुमच्यासाठी अस्तित्वातच नसतात. नुसतं y ला काही मायक्रॉन देऊन परत करा. मला वाटतं तुमचे २४ चे काही मिलिमीटर तिथेच उडतील. आणि x च्या दोन्ही बाजू बघा, सेक्स्टुपोलमुळे (सहा ध्रुवांच्या चुंबकांमुळे) फेज स्पेस सिमेट्रिक नसते, +x ला २४ आणि −x ला १५ असं सहज असतं, आणि तुमचा सेप्टम कुठल्या बाजूला आहे त्या बाजूचाच आकडा इंजेक्शनला कामाचा.

जागेबद्दलही तेच. मिलिमीटर हे बीटा फंक्शनच्या (त्या जागी बीम किती पसरतो त्याचं माप) वर्गमुळाप्रमाणे बदलतात, बीटा १६ मीटर असलेल्या जागी २४ मिमी आलं तर बीटा ४ मीटर असलेल्या जागी तेच १२ मिमी. आकडा लिहिताना कुठे मोजला आणि तिथला बीटा किती हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर सरांनी दुसऱ्या पेपरमधल्या आकड्याशी तुलना केली की सगळंच चुकतं.

आता आतलं कारण. सेक्स्टुपोल लागतात कशाला तर क्रोमॅटिसिटी, म्हणजे एनर्जीप्रमाणे ट्यून बदलणं, सुधारायला, आणि ते नॉनलिनियर आहेत म्हणून लांबवरचा पार्टिकल बिघडतो. झोपाळ्याला बरोबर वेळेवर हलका धक्का देत राहिलं की तो वाढत वाढत जातो, तसंच ट्यून (एका फेरीत किती वेळा डोलतो तो आकडा) एखाद्या रेझोनन्सवर आली की दर फेरीचा छोटा धक्का साचत जातो. अडचण अशी की ट्यूनही ॲम्प्लिट्यूडबरोबर सरकते, त्यामुळे मध्ये सुरक्षित असलेला पार्टिकल लांब गेला की रेझोनन्सवर जाऊन बसतो, आणि दोन रेझोनन्सचे पट्टे एकमेकांवर चढले की मधली जागा केऑटिक (बेभरवशाची) होते, हा चिरिकोव्हचा निकष.

हे हाताने बघायचं असेल तर आधी पूर्ण रिंग बाजूला ठेवा आणि १९६९ चा एनोनचा मॅप दहा ओळींत लिहा, तो म्हणजे एक लिनियर फिरणं आणि एक पातळ सेक्स्टुपोलचा धक्का, बस. ट्यून ०.२११ च्या आसपास ठेवा, कडेला पाच बेटं दिसतील. मग ट्यून ०.३३३ कडे न्या, स्थिर भाग त्रिकोणी होत होत लहान होईल आणि बरोबर एक तृतीयांशावर नाहीसाच होईल. मग सेक्स्टुपोलची ताकद दुप्पट करा, ॲपर्चर बरोबर निम्मं व्हायला हवं, साधारण निम्मं नव्हे, गणितानं नेमकं निम्मं. नाही झालं तर तुमच्या स्कॅनच्या कोडमध्ये काहीतरी गडबड आहे. माझ्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात हेच करायला लावतो, कारण मोठ्या लॅटिसमध्ये आलेला आकडा बरोबर आहे का हे ताडून बघायला काहीच नसतं, इथे असतं.

पूर्ण रिंगसाठी मग फ्रीक्वेन्सी मॅप काढा. ही पद्धत जाक लास्कार यांनी सूर्यमालेच्या स्थिरतेसाठी तयार केली आणि नंतर बर्कलीच्या एएलएस रिंगवर ती वापरली गेली, तिथे ती प्रत्यक्ष मोजूनही दाखवली. करायचं एवढंच की पहिल्या ५१२ फेऱ्यांतून ट्यून काढायची, पुढच्या ५१२ मधून परत काढायची, आणि फरक किती ते रंगाने दाखवायचं. ट्यून सरकतेय म्हणजे तो पार्टिकल आज जिवंत असला तरी केऑटिक भागात आहे. तुमच्या प्रश्नावर हे थेट औषध आहे, कारण १००० फेऱ्यांत जे मेले नाहीत पण नंतर मरणार आहेत ते इथे लाल दिसतात, आणि कुठल्या रेझोनन्सनं मारलं त्याची रेघही दिसते. ट्यून काढायला नुसतं एफएफटी वापरू नका, एवढ्या कमी फेऱ्यांत ते फार जाडंभरडं पडतं, नॅफ (लास्कार यांचीच, फ्रीक्वेन्सी अचूक काढायची पद्धत) वापरा.

आता तो ८ मिमीचा धक्का. एरर्स टाकल्यावर ॲपर्चर एक तृतीयांशावर आलं म्हणता, पण तुम्ही लिहिलेल्या स्टेप्समध्ये एरर्स टाकल्यानंतर ऑर्बिट करेक्शन कुठे दिसत नाही. खऱ्या मशीनमध्ये क्वाड्रुपोल (बीम एकवटणारे चुंबक) ५०-१०० मायक्रॉन इकडेतिकडे असतातच, पण ऑपरेटर ऑर्बिट सरळ करतात, ट्यून जागेवर आणतात, बीटा-बीटिंग (बीटाचं डिझाइनपासून हलणं) कमी करतात, आणि मग मशीन चालवतात. करेक्शन नसेल तर ऑर्बिट सेक्स्टुपोलमधून काही मिलिमीटर बाजूने जाते, आणि सेक्स्टुपोलमधून आडवं सरकलं की तो क्वाड्रुपोलसारखा वागतो, उभं सरकलं की स्क्यू (तिरक्या) क्वाड्रुपोलसारखा, म्हणजे तुम्ही नकळत एक वेगळीच, कपलिंगने भरलेली लॅटिस ट्रॅक केलीत. आधी दुरुस्त्या करा, मग ट्रॅक करा. माझा अंदाज ८ चे ११-१३ होतील, पण हा अंदाजच, तुमच्या लॅटिसवर आहे.

आणि एका सीडवर थांबू नका. एलएचसीसाठी ६० सीड घ्यायची पद्धत पडली, म्हणजे चुंबकांच्या रँडम एरर्सची ६० वेगवेगळी मशीनं. साधा हिशोब आहे: ०.९५ चा ६० वा घात ०.०४६ येतो, म्हणजे ६० मधलं सगळ्यात वाईट घेतलं तर साधारण ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की शंभरातली ९५ मशीनं याहून वाईट निघणार नाहीत. तुमच्या छोट्या रिंगला २० सीड केले तरी चालतील, पण मग तेवढ्याच खात्रीनं बोलू नका. रिपोर्टमध्ये सरासरी आणि सगळ्यात वाईट दोन्ही द्या, कारण बांधली जाणार आहे ती एकच मशीन, आणि ती सरासरी निघेलच असं नाही.

एक छोटं सांगून पुढे जातो. दोन कॉम्प्युटरवर केऑटिक पार्टिकलचा निकाल वेगळा आला तर घाबरू नका, शेवटच्या बिटाचा फरक तिथे फुगतो. २००४ पासून लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिक्सट्रॅक (सर्नचा ट्रॅकिंग कोड) चालवायची एलएचसी-ॲट-होम योजना सुरू झाली तेव्हा साइन-कोसाइनसारख्या फंक्शनसाठी खास लायब्ररी वापरावी लागली, म्हणजे प्रत्येक मशीनवर शेवटच्या बिटापर्यंत एकच उत्तर येईल. तुम्हाला त्याची गरज नाही, तुम्ही सीमारेषेवरचा एकुलता पार्टिकल न बघता सलग जिवंत असलेलं क्षेत्रफळ बघा, आणि बाहेर सुटी वाचलेली बेटं मोजू नका.

आतापर्यंतचं थोडक्यात: फेऱ्या डॅम्पिंग टाइमवरून, y थोडा देऊन, रेडिएशन आणि आरएफ (गेलेली एनर्जी परत देणारी यंत्रणा) चालू, एरर्स टाकून त्या दुरुस्त करून, बरेच सीड, बीटासकट आकडा. एवढं केलंत की आलेल्या आकड्याला अर्थ आहे.

पण ‘बीम स्टेबल आहे का’ याचं उत्तर त्यातूनही मिळत नाही, आणि हे सरांना स्पष्ट सांगा. डायनॅमिक ॲपर्चर एकेकट्या पार्टिकलचं आहे, त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. खऱ्या बंचमध्ये (पार्टिकलच्या गुच्छात) अब्जावधी इलेक्ट्रॉन असतात, ते पाइपच्या भिंतीत आणि कॅव्हिटीत फील्ड सोडतात आणि मागून येणारे त्यावर आपटतात. ट्रान्झिशन एनर्जीच्या वर (अशा इलेक्ट्रॉन रिंग तिथेच चालतात) क्रोमॅटिसिटी निगेटिव्ह असेल तर हेड-टेल इन्स्टॅबिलिटीने पूर्ण बंच डोलायला लागतो, मग तुमचं ॲपर्चर कितीही मोठं असो. म्हणून क्रोमॅटिसिटी थोडी पॉझिटिव्ह ठेवतात, त्यासाठी सेक्स्टुपोल जास्त लागतात, आणि ते ॲपर्चर खातात. एलएचसीत हीच ओढाताण ऑक्टुपोलची (आठ ध्रुवांचे चुंबक) आहे: १६८ ऑक्टुपोल मुद्दाम ट्यून पसरवतात म्हणजे लँडाऊ डॅम्पिंग मिळतं आणि बंच शांत राहतो, पण तेच ऑक्टुपोल जास्त चढवले की डायनॅमिक ॲपर्चर कमी होतं. दोन्ही सिम्युलेशन वेगळ्या टेबलांवर वेगळे लोक करतात आणि मग कंट्रोल रूममध्ये त्यांचं पटत नाही, हे मी बघितलंय. तुमच्या रिपोर्टमध्ये निदान एवढं लिहा की कुठल्या क्रोमॅटिसिटीला ॲपर्चर काढलंय, शून्याला काढून ठेवलेला आकडा मशीन चालवताना उपयोगाचा नसतो.

ॲपर्चर लहान आलं म्हणजे लॅटिस फेकून द्यायची, असंही समजू नका. शिकागोजवळच्या एपीएस-यू रिंगमध्ये एमिटन्स (बीमचा पसारा) इतका कमी केला की जुन्या पद्धतीनं बाजूने बीम साठवत जायला जागाच उरली नाही, तर त्यांनी जुना बंच काढून पूर्ण नवा बंच थेट मधल्या कक्षेवर टाकायची पद्धत घेतली. म्हणजे पुरेसं ॲपर्चर किती हे इंजेक्शन ठरवतं. आणि साठवलेल्या बीमचं आयुष्य एनर्जी चुकलेल्या पार्टिकलवर ठरतं, टौशेक स्कॅटरिंगमुळे (बंचमधल्या इलेक्ट्रॉनच्या आपसातल्या टकरींमुळे), म्हणून ±१, ±२, ±३ टक्के एनर्जीलाही स्कॅन करा. बरेचजण हे विसरतात आणि मग लाइफटाइम का कमी आलं ते कळत नाही.

शेवटी मशीनच सांगते. आमच्याकडे आम्ही हे असं मोजतो: थोडा करंट साठवायचा, किकरचं (बीमला क्षणभर धक्का देणारं चुंबक) व्होल्टेज एकेक पायरी वाढवायचं, आणि डीसीसीटीची (बीमचा करंट मोजणारं उपकरण) रेघ बघत बसायचं. बराच वेळ ती सपाट असते, मग एका पायरीला एक बारीक खाच पडते, पुढच्या पायरीला करंट धाडकन अर्धा. एकदा आमचा मोजलेला आकडा मॉडेलपेक्षा जवळजवळ पाव भाग कमी आला, आणि दोन शिफ्ट शोधल्यावर सापडलं की एका सेक्स्टुपोलमधून ऑर्बिट मिलिमीटरभर बाजूने जात होती, शेजारच्या बीपीएमचा (बीमची जागा मोजणारा सेन्सर) ऑफसेट चुकीचा भरला होता. मॉडेलमध्ये तो ऑफसेट टाकला तर मॉडेलनेही तेवढंच कमी दाखवलं. त्या दिवशी मला ट्रॅकिंगवर जेवढा विश्वास बसला तेवढा आधी कधी नव्हता.

तर आता तुम्ही इंजेक्शनची एनर्जी, सेप्टम कुठल्या बाजूला आणि किती मिमीवर, क्रोमॅटिसिटी, आणि मोजायच्या जागेचा बीटा एवढं टाका, आणि y ला १० मायक्रॉन देऊन काढलेला नवा स्कॅन. ८ मिमी कमी आहे का ते तेव्हा सांगता येईल, कदाचित तुमच्या सेप्टमला ८ पुरतही असेल.